वायरबुश : एका खेड्याची भाकर आणि पत

इतिहास शिकतांना आपण ज्या गांवांचीं नांवें पाठ करितों, तीं बहुधा लढायांचीं, तहांचीं किंवा राजधान्यांचीं असतात. एखाद्या माळावर दोन सैन्यें एकमेकांवर तुटून पडलीं, कीं त्या माळाजवळचें गांव पुस्तकांत आलें. आणि जेथें माणसें पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरून, थंडीवाऱ्याशीं झगडून जगलीं, तें गांव मात्र पुस्तकाबाहेरच राहिलें. हा न्याय क्षणभर उलटा करून पाहावा, या हेतूनें आज आम्ही वाचकांस जर्मनींतील एका लहानशा खेड्याकडे घेऊन जाणार आहोंत. वायरबुश हें त्याचें नांव. तेथें किल्ला नाहीं, राजवाडा नाहीं, विद्यापीठ नाहीं; लोकवस्ती हजार-दीड हजारांच्या आसपास. परंतु १८४६-४७ च्या हिवाळ्यांत या गांवीं जें घडलें, त्याचा धागा पुढें आपल्या दख्खनच्या खेड्यांपर्यंत येऊन पोंचला. तो कसा पोंचला हें पाहण्यापूर्वीं, तें गांव कोणत्या मातीचें आहे हें पाहणें अवश्य आहे. कारण त्याच्या इतिहासाचें मूळ त्याच्या भूगोलांतच आहे.

जर्मनीच्या पश्चिम भागांतून र्‍हाइन नदी उत्तरेकडे वाहत जाते. तिच्या उजव्या तीराकडे, दक्षिणेस लान आणि उत्तरेस झीग या दोन उपनद्यांच्या मध्यें जो डोंगराळ टापू आहे, त्यास वेस्टरवाल्ड, म्हणजे पश्चिमेचें रान, असें म्हणतात. डोंगराळ म्हटलें तरी सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या आपल्या दृष्टीस या टेकड्याच वाटतील. सर्वांत उंच शिखरही साडेसहाशें मीटरांहून फारसें वर जात नाहीं. या टापूच्या उत्तर अंगास, झीगच्या खोऱ्याकडे जमीन उतरूं लागते तेथें, कोलोन शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर वायरबुश वसलें आहे. 'वायर' म्हणजे तळें आणि 'बुश' म्हणजे झुडुपांचें रान. नांवावरूनच भूमीचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें: ओलसर खळगे, खुरटी झाडी, आणि मधून मधून माणसानें रान तोडून काढलेलीं शेतें.

येथील खडक मुख्यतः पाटीच्या दगडाचा. लहानपणीं आपण ज्या पाटीवर अक्षरें गिरविलीं, त्याच जातीचा हा दगड. त्यावर मातीचा थर पातळ, पाऊस थोडा थोडा पण वर्षभर चिकाटीनें पडणारा, हिवाळा लांब, आणि उघड्या पठारावरून येणारा वारा इतका बोचरा कीं, वेस्टरवाल्डचा गार वारा हा जर्मन लोकांच्या बोलण्यांत म्हणीसारखा होऊन बसला आहे. गव्हाला ही भूमि फारशी मानवत नाहीं. राय नांवाचें काळसर धान्य, जनावरांस आणि प्रसंगीं माणसांसही लागणारें ओट, आणि अठराव्या शतकापासून बटाटा, एवढ्यांवर येथील कुणब्याचा संसार चाले. त्यांतही बापाची जमीन सर्व मुलांत वांटण्याची चाल. त्यामुळें दर पिढीस शेताचे तुकडे होत जात आणि एका तुकड्यावर जगूं न शकणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढत जाई. हें वर्णन आपल्या वाचकांस परकें वाटणार नाहीं.

वायरबुशची आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कोलोनहून फ्रांकफुर्टकडे जाणारा जुना मोठा रस्ता या गांवावरूनच जातो. गांव रस्त्यावर होतें खरें. पण रस्ता गांवाच्या उपयोगाचा नव्हता. त्यावरून व्यापाऱ्यांच्या गाड्या, टपालाचे घोडे आणि फौजा जात. गांवच्या शेतकऱ्यास आपला माल विकावयास जावें लागे तें र्‍हाइनकांठच्या बाजारीं, आणि तिकडे जाण्यास धड वाट नव्हती. म्हणजे जगाची रहदारी दारावरून चालावी आणि आपला दाणा मात्र घरींच पडून राहावा, अशी त्या खेड्याची स्थिति होती.

राजसत्तेच्या बाबतींतही या टापूच्या वांट्यास असेंच आलें. मध्ययुगापासून येथें झाइनच्या काउंट घराण्याचा अंमल होता. १७४१ सालीं आल्टेनकिर्खेनचा हा मुलूख वारशानें ब्रांडेनबुर्ग-आन्सबाख या दूरच्या संस्थानाकडे गेला. १७९१ त तो प्रशियाच्या राजाकडे आला. नेपोलियनच्या उलथापालथींत नासाउकडे गेला. आणि १८१५ च्या व्हिएन्ना येथील तहानंतर पुनः प्रशियाकडे आला. पाऊणशें वर्षांत इतके धनी पालटले; कुणब्याच्या घरांतील चूल मात्र होती तशीच राहिली. १७९६ सालीं फ्रेंच आणि ऑस्ट्रियन फौजा याच टापूंत झुंजल्या. त्या वर्षीं सप्टेंबरांत मार्सो नांवाचा तरुण फ्रेंच सेनापति येथें जखमी होऊन आल्टेनकिर्खेन गांवीं मरण पावला. त्याचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें. इतिहासानें त्याचें नांव जपून ठेविलें. त्यानंतर अर्ध्या शतकानें, जवळजवळ त्याच वयाचा दुसरा एक तरुण वायरबुशला आला. तो फौज घेऊन आला नव्हता. सरकारी दप्तर घेऊन आला होता.

फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन हें त्याचें नांव. वायरबुशपासून थोड्याच अंतरावर, झीगकांठच्या हाम या गांवीं ३० मार्च १८१८ रोजीं तो जन्मला. नऊ भावंडांतील तो सातवा. घरची स्थिति बेताची. गांवच्या धर्मोपदेशकानें दिलेलें शिक्षण हीच काय ती शिदोरी. सतराव्या वर्षीं तो प्रशियाच्या तोफखान्यांत शिरला. परंतु डोळ्यांच्या विकारानें ती नोकरी सुटली आणि तो मुलकी खात्यांत आला. १८४५ सालीं वायरबुशचा ब्युर्गरमाइस्टर म्हणून त्याची नेमणूक झाली. या शब्दाचें भाषांतर 'नगराध्यक्ष' असें करितात, तें येथें दिशाभूल करील. हा अधिकारी लोकांनीं निवडलेला नसे. सरकार त्यास नेमी, आणि एका गांवाऐवजीं वीसांहून अधिक गांवांचा कारभार त्याच्याकडे असे. आपल्याकडील जुन्या महालकऱ्याशीं त्याची तुलना केल्यास तें अधिक जुळेल. सारा, शाळा, रस्ते, गरिबांची व्यवस्था, सर्व कांहीं त्याच्याच माथीं. आल्याबरोबर त्यानें शाळेचें काम हातीं घेतलें आणि र्‍हाइनकडे जाणारा रस्ता बांधण्याची खटपट आरंभिली. गांवाच्या दारिद्र्याचें एक कारण वाट नसणें हें आहे, हें त्यानें ओळखलें होतें.

परंतु रस्ता पुरा होण्यापूर्वींच संकट आलें. १८४५ सालीं युरोपभर बटाट्यावर करपा पडला. याच रोगानें आयर्लंडांत लाखों माणसें भुकेनें मेलीं, हें वाचकांस ठाऊक आहेच. १८४६ त र्‍हाइनकांठीं रायचें पीकही बुडालें. गरिबाचा बटाटा गेला होता, आतां त्याचा पावही गेला. धान्याचे भाव कडाडले; १८४७ च्या एप्रिलांत खुद्द बर्लिनच्या बाजारांत लोकांनीं बटाट्यांसाठीं दंगे केले. वेस्टरवाल्डच्या खेड्यांत दंगे करण्याइतकेंही बळ नव्हतें. तेथें लोक ओटाचें पीठ, कोंडा, जें मिळेल तें खाऊन दिवस काढूं लागले.

प्रशियाच्या प्रांतिक सरकारनें कोब्लेंझहून कांहीं पीठ पाठविण्याची व्यवस्था केली. पण त्यास एक अट जोडली. जे रोख पैसे देतील, त्यांनाच तें विकावें. सरकारी खात्याच्या दृष्टीनें ही अट अगदीं योग्य होती. हिशेब चोख राहिला पाहिजे. परंतु ज्याच्यापाशीं रोख पैसा होता, तो उपाशी नव्हता. आणि जो उपाशी होता, त्याच्यापाशीं रोख पैसा नव्हता. पीठ गांवांत आणि भूक घरांत, यांच्यामध्यें सरकारी हुकूम उभा होता.

रायफायझेननें तो हुकूम बाजूस ठेविला. गांवांतील खाऊन-पिऊन सुखी अशा लोकांस एकत्र बोलावून त्यानें त्यांच्याकडून पैसा उभा केला आणि एक मंडळ स्थापिलें. 'वायरबुशर ब्रोटफेराइन' हें त्याचें नांव. आपण त्यास वायरबुशचें भाकरी-मंडळ म्हणूं. मंडळाच्या पैशानें धान्य विकत आणलें. गांवाच्या मालकीची पावाची भट्टी चालू केली. आणि त्या भट्टींत भाजलेला पाव बाजारभावाहून बराच स्वस्त, गरजूंस उधारीवर दिला. पैसे पीक हातीं आल्यावर द्यावेत, एवढाच करार. वसंत ऋतु येतांच पेरणीसाठीं बियाणेंही मिळवून दिलें. कारण आजचा पाव दिला तरी उद्यांचें शेत ओसाड राहिल्यास भूक पुनः दाराशीं उभी राहणार, हें उघड होतें.

वाचक म्हणतील, यांत नवें तें काय? आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं बादशाही कोठार उघडून दुष्काळग्रस्तांस धान्य वांटलें, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. आम्हांसही प्रथम तीच कथा आठवली, आणि दोन्ही प्रसंगांतील साम्य खरेंच लक्षांत घेण्यासारखें आहे. दोन्हीकडे राजाचा नोकर राजाच्या हुकुमापेक्षां प्रजेची भूक मोठी मानतो. परंतु भेदही तितकाच मोठा आहे. दामाजीपंतांनीं दान दिलें. रायफायझेननें उधार दिलें. आणि वरवर पाहतां कमी उदार दिसणारी ही दुसरी गोष्टच पुढें अधिक दूर गेली. दान घेणारा माणूस त्या घटकेपुरता वांचतो, पण त्याची मान खालीं जाते. उधार देणारा मात्र त्याला, न बोलतां, एक गोष्ट सांगत असतो: तुजपाशीं आज कांहीं नसलें तरी तूं फेडशील, अशी माझी खात्री आहे. मराठींत 'पत' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. पैशाच्या व्यवहारांतील विश्वास आणि माणसाची अब्रू, हे दोन्ही अर्थ त्यांत एकत्र नांदतात. सरकारी अटीनें गरिबाची पत शून्य धरली होती. वायरबुशच्या भट्टीनें ती मोजून पाहण्याचें धाडस केलें.

असें असलें तरी वायरबुशचें मंडळ म्हणजे आज आपण जिला सहकारी संस्था म्हणतों ती नव्हे. त्यांत श्रीमंत देणारे आणि गरीब घेणारे, अशा दोन बाजू होत्या. हा भेद मिटण्यास आणखी सतरा-अठरा वर्षें लागलीं, आणि त्या वर्षांत रायफायझेन पुनःपुनः अपयशांतूनच शिकला. १८४८ त त्याची बदली जवळच्याच फ्लामर्सफेल्ट येथें झाली. तेथें शेतकऱ्याच्या गळ्याभोंवतीं निराळाच फास होता. गाय मेली कीं कुणबी गुरांच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर दुसरी आणी. हप्ता चुकला कीं ती गाय, तिचें वासरूं, आणि शेवटीं जमिनीचा तुकडाही जाई. १८४९ सालीं रायफायझेननें सुमारें साठ सधन गृहस्थांस एकत्र आणून, त्यांच्या जामिनकीवर कर्ज काढून, शेतकऱ्यांस गुरें घेऊन देणारें साहाय्यक मंडळ काढलें. गाईची किंमत कांहीं वर्षांत सावकाश फेडावयाची. १८५२ त तो र्‍हाइनकांठच्या हेड्डेसडोर्फला गेला. तेथेंही १८५४ त एक लोकोपकारी मंडळ निघालें. परंतु येथें एक कटु सत्य दिसून आलें. दुष्काळाची झळ ओसरली कीं श्रीमंतांचा उत्साहही ओसरे. ज्यांस स्वतः कर्ज नको होतें, त्यांनीं इतरांच्या कर्जास किती दिवस जामीन राहावें? परोपकाराच्या पायावर रोजच्या व्यवहाराची इमारत उभी राहत नाहीं, हें रायफायझेनला नाइलाजानें मान्य करावें लागलें.

तेव्हां त्यानें रचनाच पालटली. १८६४ सालीं हेड्डेसडोर्फ येथें जी कर्ज-मंडळी उभी राहिली, तींत नियम असा कीं, ज्यास कर्ज हवें त्यानें स्वतः सभासद झालें पाहिजे. सर्वांचें कर्ज सर्वांनीं मिळून घ्यावयाचें. एकानें बुडविलें तर इतरांनीं आपल्या घरादारासकट जबाबदार राहावयाचें. मंडळीचें क्षेत्र एका गांवापुरतें, म्हणजे जेथें प्रत्येक जण दुसऱ्यास ओळखतो एवढेंच. कोण कष्टाळू, कोण व्यसनी, कोणी बैलासाठीं कर्ज मागितलें आणि कोणी चैनीसाठीं, हें सांगण्यास तेथें चौकशी अधिकारी नको. व्यवस्थापक विनावेतन काम करणार. नफा वांटून न खातां राखीव निधींत जाणार. गरिबापाशीं तारण ठेवण्यास जमीन नसेल, पण शेजाऱ्यांची ओळख आहे. आणि ती ओळख हेंच तारण. वायरबुशला अंतःकरणानें जें घडलें होतें, तें येथें नियमांत बांधलें गेलें. १८६५ त प्रकृति ढासळल्यामुळें रायफायझेनला सरकारी नोकरी सोडावी लागली. डोळे तर जवळजवळ गेलेच होते. तरी वडील मुलगी अमालिया हिच्या साहाय्यानें त्यानें लेखन आणि पत्रव्यवहार चालू ठेविला. १८६६ त या मंडळ्यांवरील त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि ११ मार्च १८८८ रोजीं मृत्यु येईपर्यंत त्याच्या पद्धतीच्या मंडळ्या जर्मनीच्या अनेक प्रांतांत पसरल्या.

या चित्राची काळी बाजू लपविणें इतिहासाला शोभणार नाहीं. त्या भागांतील गुरांचे व्यापारी आणि लहान सावकार पुष्कळदां यहुदी असत. कारण शतकानुशतकें त्या लोकांस जमीन धारण करण्याची आणि बहुतेक कारागिरीच्या धंद्यांची मनाई होती. कर्जाचा फास ही व्यवस्थेची व्याधि होती. परंतु लोकांनीं तिचा दोष एका जातीच्या माथीं मारला, आणि खुद्द रायफायझेनच्या लेखनांतही त्या पूर्वग्रहाचे डाग आढळतात. १९३३ नंतर नाझी राजवटीनें या द्वेषाचें काय केलें, तें सर्व जगास विदित आहे. वेस्टरवाल्डच्या गांवांतील यहुदी कुटुंबें नाहींशीं झालीं; आणि त्याच राजवटीनें शेतकऱ्यांच्या मंडळ्यांचें स्वातंत्र्य काढून घेऊन त्या सरकारी यंत्रणेंत गुंतविल्या. एकमेकांवरील विश्वासाचें वर्तुळ जितकें घट्ट, तितकीच त्यांतून कोणास बाहेर ठेविलें हें पाहण्याची जबाबदारी मोठी, हा धडाही याच भूमीनें दिला आहे.

आतां आपल्याकडील धागा. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि दंग्याचें लोण आसपासच्या तालुक्यांत पसरलें. लोकांचा रोख पैशापेक्षां कागदांवर अधिक होता. कर्जखतें हिसकावून त्यांनीं त्यांच्या होळ्या केल्या. १८७९ त सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पण सावकाराचा हात आंखडला तरी कर्जाची गरज उरतेच. सर विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी पेढीची योजना मांडली. न्यायमूर्ति रानडे यांनींही युरोपांतील पतव्यवस्थेचा अभ्यास करून या प्रश्नावर लिहिलें. परंतु ती योजना सरकारदरबारीं बारगळली. पुढें मद्रास सरकारनें सर फ्रेडरिक निकोल्सन यांस युरोपांतील शेतकी पेढ्यांचा अभ्यास करण्यास नेमिलें. १८९५ ते १८९७ या काळांत निघालेल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष हा कीं, हिंदुस्थानास रायफायझेनच्या पद्धतीची, आणि तिच्याही आधीं रायफायझेनसारख्या माणसाची, गरज आहे. १९०४ त हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. ग्रामीण पेढ्यांस त्यानें अमर्यादित जबाबदारीचें जें तत्त्व लाविलें, तें र्‍हाइनकांठचेंच होतें. १९०५ त तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील धारवाड जिल्ह्यांत कणगिनहाळ येथें या कायद्याखालच्या अगदीं आरंभींच्या ग्रामीण पेढ्यांपैकीं एक निघाली.

परंतु नियम आयात करितां येतात, विश्वास आयात करितां येत नाहीं. कायद्यानंतर जवळजवळ अर्धशतकानें, १९५१-५२ सालीं, देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. तेव्हां शेतकऱ्याच्या कर्जापैकीं सहकारी संस्थांकडून आलेला भाग शेंकडा तीनच्या आसपास भरला. बाकीचा बहुतेक भाग अद्याप सावकार-व्यापाऱ्यांचाच होता. त्या आंकड्याचा अर्थ लावतांना आम्हांस वायरबुशच आठवतें. रायफायझेनकडे पद्धत नंतर आली. शेजाऱ्याची पत मानण्याची संवय आधीं आली. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. कायदा वरून आला, पेढ्या रजिस्टरांत उतरल्या, आणि गांवानें एकमेकांस ओळखण्याचें काम अनेक ठिकाणीं तसेंच राहून गेलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर वायरबुश १९४६ त निर्माण झालेल्या र्‍हाइनलांड-फाल्झ या राज्यांत आलें. रायफायझेनच्या कार्याची स्मृति गांवानें जपली आहे, आणि जवळच्या टेकडीवर त्याच्या नांवाचा मनोराही उभा आहे. २०१६ सालीं, जर्मनीच्याच सूचनेवरून, सहकाराच्या कल्पनेस युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. परंतु आम्हांस त्याहून अधिक मौज वाटते ती एका साध्या कारभारी घटनेची. १ जानेवारी २०२० रोजीं आल्टेनकिर्खेन आणि फ्लामर्सफेल्ट या दोन ग्रामसंघांचें एकीकरण झालें. त्यामुळें रायफायझेननें एकामागून एक सांभाळलेलीं वायरबुश आणि फ्लामर्सफेल्ट हीं दोन्ही गांवें आतां एकाच कारभाराखालीं आलीं आहेत. वायरबुशहून निघून फ्लामर्सफेल्टवरून र्‍हाइनकडे जाणारा जो रस्ता त्यानें आरंभिला होता, तो आज त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

त्या रस्त्यानें कोणी मराठी प्रवासी कधीं गेलाच, तर त्यानें वायरबुशला थोडें थांबावें, असें आम्ही सुचवितों. पाहण्यासारखें तेथें फार नाहीं. परंतु गांवच्या भट्टीची गोष्ट ऐकून परततांना, आपल्या गांवच्या पेढीच्या वहींत किती नांवें आहेत याबरोबरच, त्यांतील किती जण एकमेकांस खरोखर जामीन राहतील, हा प्रश्न त्याच्या मनांत आला, तर तो प्रवास व्यर्थ गेला असें होणार नाहीं.